चार वेळा दाबलेलं बटण

लिफ्टचं बटण एकदाच दाबून गप्प उभा राहणारा माणूस माझ्या अजून पाहण्यात नाही. बटणातला दिवा लागलेला असतो, आकडे खाली येताना दिसत असतात, तरी नवीन आलेला प्रत्येक जण पुढे होऊन एकदा दाबतोच. तत्काळ तिकीट काढताना, बँकेच्या पानावर "कृपया मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका" असं लिहून आलं की बोट नेमकं तिकडेच जातं. समोरून उत्तर आलं नाही की आपण प्रश्न पुन्हा विचारतो, जरा मोठ्याने.

लिफ्ट बिचारी शहाणी असते. पहिल्यांदा दाबलेलं ती लक्षात ठेवते आणि पुढची दाबादाबी सोडून देते. मी लिहिलेला एक प्रोग्राम तेवढा शहाणा नव्हता. त्याने चारही वेळा ऐकलं.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. मी अबू धाबीत एका प्रयोगशाळेत काम करतो. पुण्याला गेलो की नातेवाईक हमखास विचारतात, "तिकडे तेलात आहेस ना?" मी म्हणतो, "नाही, पाण्यात." या देशात बारमाही नदी एकही नाही. नळाला येतं ते बहुतेक समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी. अबू धाबीजवळ तावीला इथे जो प्रकल्प आहे तो दिवसाला नऊ लाख घनमीटर पाणी मेम्ब्रेनमधून ढकलून गोडं करतो. आमचं काम त्या मेम्ब्रेनचं: ती किती टिकते, तिच्यावर काय साचतं, का साचतं. आखाताचं पाणी खारटपणात बाकीच्या समुद्रांचा थोरला भाऊ. साधारण समुद्रात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असतं, इथे पंचेचाळीसच्या आसपास. मेम्ब्रेनमधून ते पाणी ढकलायला साठ बारचा दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या पंचवीसपट धरा.

आमच्या टेस्ट रिगवर सहा छोट्या मेम्ब्रेन, एक पंप आणि एक टाकी. हे सगळं चालवायला एक कॉम्प्युटर आणि त्यावर माझा प्रोग्राम. माझी पीएचडी जर्मनीतली, मेम्ब्रेनमधली. कॉम्प्युटरमधली नव्हे. पण हल्ली प्रत्येक संशोधक थोडाफार सुतार असतो तसा थोडाफार प्रोग्रामर असतो. पायथन येत होतं, खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी शिकलो. हिरवं-लाल होणारं एक मोठं बटण केलं: एकदा दाबलं की पंप चालू, पुन्हा दाबलं की बंद. घरातल्या पंख्याच्या बटणासारखं. मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

रिग चालवायचे ते आमचे इक्का. मल्याळममध्ये, मलबारच्या मुसलमानांत, थोरल्या भावाला इक्का म्हणतात. नाव काहीही असो, लॅबमध्ये ते सगळ्यांचेच इक्का. पन्नाशी उलटलेली, गल्फमध्ये बावीस वर्षं, मुलगी गावी नर्सिंगला. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग कधी जाणार हे सांगणारा माणूस. मला "डॉक्टरसाब" म्हणायचे आणि माझा चहा ताकीद देऊन कमी साखरेचा आणायचे.

२०२३ सालची गोष्ट. वर्षभरापूर्वीच, जानेवारी २०२२ पासून, इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली होती आणि शुक्रवार अर्धा दिवस. (लॅबमधल्या एका जुन्या प्रोग्रामच्या कॅलेंडरात तेव्हाही शुक्रवार लालच दिसत असे. सुट्टीचा वार कोडमध्ये ठोकून बसवला की असं होतं.) त्या शुक्रवारी दुपारी रिग बंद करून इक्का जुम्म्याच्या नमाजाला जाणार होते. त्यांनी स्टॉप दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग आणखी दोनदा. स्क्रीन धुरकट पांढरी झाली, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" आलं. पंप शेजारच्या खोलीत, आवाज बाहेर येऊ नये म्हणून पेटीत बंद केलेला. इक्कांना वाटलं, झालं बंद. ते गेले.

पंप सोमवारपर्यंत चालला. सोमवारी पाहिलं तर टाकीतलं पाणी तळाला, लेव्हल स्विचने कधीतरी पंप थांबवलेला, आणि सहाही मेम्ब्रेनवर जिप्समची पांढरी खरड. दीड महिन्याचा प्रयोग होता. मुदीरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, लॉग मागवला. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: स्टॉप, स्टार्ट, स्टॉप, स्टार्ट. अर्थ उघड होता. ऑपरेटरने पंप बंद करून पुन्हा चालू केला आणि निघून गेला. इक्कांना लेखी ताकीद मिळाली. इथे नोकरीवर व्हिसा असतो आणि व्हिसावर सगळं. दुसरी ताकीद मिळाली तर काय होतं हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

रिगवर एक खरं लाल बटणही आहे, भिंतीवरचं, थेट वीज तोडणारं. ते का नाही दाबलं, असं त्यांना विचारलं गेलं. ते दाबलं की तीन पानी फॉर्म भरावा लागतो आणि सेफ्टीवाला येईपर्यंत रिग सुरू करता येत नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत होतं.

मला मात्र आठवतं ते इक्कांचं बोलणं. ते भांडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "लॉग में लिखा है साब, तो मैंने ही किया होगा."

मंगळवारी आलेख काढायला मी लॉगची मूळ फाइल उघडली. साहेबांना गेलेल्या रिपोर्टमध्ये वेळ सेकंदापर्यंत छापली जाते, फाइलमध्ये मिलिसेकंदापर्यंत असते. त्या चार ओळींत पहिलीपासून शेवटचीपर्यंत अंतर होतं नव्वद मिलिसेकंद. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तेवढ्या वेळात बटण चारदा दाबणारा माणूस झाकीर हुसेनांनाही मिळाला नसता.

काय झालं ते मला तिथेच कळलं. कळूनही दोन दिवस मी कुणाला बोललो नाही, हेही इथे लिहायला हवं. माझं कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांनी नवं व्हायचं होतं, बायकोचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर. मनाला मी असं समजावलं की आधी ती चूक पुन्हा घडवून दाखवली पाहिजे, मगच बोलावं. कारण चांगलं होतं, म्हणून तर त्याच्यामागे लपता आलं.

आता चूक काय होती ते सांगतो.

तुमच्या कॉम्प्युटरवरचा खिडक्या-बटणांचा कुठलाही प्रोग्राम आत एक कधी न संपणारी फेरी घालत असतो. रांगेत पुढचा निरोप कोणता? माऊस हलला. बटण दाबलं. खिडकीचा कोपरा पुन्हा रंगवा. टायमर वाजला. एक निरोप उचलायचा, त्याचं काम करायचं, परत रांगेकडे. याला इव्हेंट लूप म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर मिरजेतलं आमचं लहानपणचं रेशन दुकान येतं. खिडकीवर एकच माणूस. तो कार्ड घेतो, पावती फाडतो आणि मागच्या पोऱ्याला ओरडतो, "दहा किलो गहू!" रांग सरकत राहते. पण एखाद्या दिवशी पोऱ्या येत नाही. मग हा स्वतःच गोदामात जाऊन पोतं फोडून गहू मापायला लागतो, आणि खिडकी ओस. लोक कार्डं फळीवर टाकत राहतात. तो परत आला की एकेक कार्ड उचलतो, ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने. मधल्या वेळात वैतागून कुणी घरी गेलं असेल हे त्याला ठाऊक नसतं.

माझ्या प्रोग्राममध्ये खिडकीवरचा माणूस दर सेकंदाला गोदामात जात होता. पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या मीटरला विचारायचा, "आकडा काय?" मीटर लगेच सांगायचा, हा परत यायचा. दीड महिना कुणाला कळलं नाही. त्या शुक्रवारी मीटरची केबल सैल झाली. मीटर बोलेना. मी लिहून ठेवलं होतं, दोन सेकंद वाट बघ, आणि असं तीनदा कर. म्हणजे दर फेरीला सहा सेकंद खिडकी ओस. विंडोज साधारण पाच सेकंद धीर धरतं आणि मग खिडकीवर पांढरा पडदा ओढून "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितं. पण पडदा पडण्याआधीचे क्लिक फळीवर पडलेलेच असतात. इक्कांचे चार पडले होते. माणूस परत आला, त्याने चारही कार्डं एका दमात निकालात काढली: बंद, चालू, बंद, चालू. आणि वहीत लिहिली ती उचलल्याची वेळ, टाकल्याची नव्हे.

इक्कांनी तीनदा दाबलं असतं तर पंप बंद राहिला असता.

पण हे सगळं अजून तर्कच होता. बुधवारी रात्री एकटा लॅबमध्ये बसून मी ते घडवून बघायला लागलो आणि घडेना. कारण मी माझ्या प्रोग्रामशी फार सभ्यपणे वागत होतो. एकदा दाबायचं, थांबायचं, बघायचं. प्रोग्राम लिहिणारा माणूस आपलं बटण असंच दाबतो. आणि केबलचं तर मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

इथे मला थेरॅक-२५ आठवलं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात त्यातून सहा रुग्णांना भलत्याच प्रमाणात किरणांचा मारा झाला, काही त्यात दगावले. कंपनीला दोष सापडेना. शेवटी १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलमधला फिजिसिस्ट स्वतः ऑपरेटर बाईंना घेऊन यंत्रासमोर बसला आणि त्यांनी त्या दिवशी जे टाइप केलं होतं ते त्याच वेगाने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेव्हा दोष पकडला गेला. हात बसलेल्या माणसाचा झपाझप वेग हेच कारण होतं. सावकाश टाइप केलं तर काहीच व्हायचं नाही. आणि स्क्रीनवर येणारा निरोप काय, तर "मालफंक्शन ५४". असले निरोप रोजच यायचे, म्हणून ऑपरेटर पुढे जाण्याचं बटण दाबायच्या.

गुरुवारी सकाळी मी इक्कांना बोलावलं. दोन करक चहा घेऊन बसलो. म्हटलं, त्या दिवशी काय काय केलंत ते हातानेच करून दाखवा. त्यांनी खुर्ची ओढली, जरा घाबरतच. मग सहज म्हणाले, "उस दिन वो नमक वाला नंबर अटका हुआ था साब. सुबह से एक ही दिखा रहा था." हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी मागे जाऊन मीटरची केबल उपटली. "अब दबाओ." टक, टक, टक-टक. स्क्रीन पांढरी. सहा सेकंद. शेजारच्या खोलीत पंप उचकी लागल्यासारखा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. इक्का माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो मैंने नहीं किया."

त्या दुपारी मी मेल लिहिली. काय लिहिलं ते सांगत बसत नाही. ताकीद मागे घेतली गेली, पण तोंडी. कागद फाइलमध्ये आहे की नाही मला अजून कळलेलं नाही. दीड महिन्याचा प्रयोग मी पुन्हा केला, माझ्या शनिवार-रविवारांत.

दुरुस्तीचीही एक कथाच आहे, आणि हे काम करणारे वाचत असतील तर त्यांना ती ओळखीची वाटेल. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे मधूनमधून प्रोसेसइव्हेंट्स बोलवा. म्हणजे गहू मापता मापता खिडकीकडे डोकावून एखादं कार्ड उचला. पांढरा पडदा लगेच गेला, मी खूश. मग लक्षात आलं की स्टार्टचं काम अर्धवट असतानाच प्रोग्राम दुसरं स्टार्ट उचलतोय, एका पोत्यात हात असताना दुसरं फोडतोय. हा उपाय मी औषध म्हणून कुणाला देणार नाही.

खरा उपाय म्हणजे पोऱ्या ठेवणे. वेगळा थ्रेड. मीटरशी बोलणं त्याचं, खिडकी सांभाळणं पहिल्याचं. इथे नवशिक्याची पुढची ठेच ठरलेली. पोऱ्या हौसेने स्वतःच खिडकीत येऊन पाटी बदलायला लागतो, म्हणजे दुसऱ्या थ्रेडमधून स्क्रीनवरचा आकडा बदलतो. चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी प्रोग्राम काही न सांगता मरतो. खिडकीला हात लावायचा तो खिडकीवरच्यानेच. पोऱ्याने आतून हाक द्यायची. क्यूटीमध्ये त्या हाकेला सिग्नल म्हणतात. जावा स्विंग असो, अँड्रॉइड असो, नियम तोच. मला वाटायचं हा जुन्या लोकांचा आळस. पण सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली यावर एक सुरेख टिपण लिहिलं होतं. अनेक थ्रेड एकाच वेळी हाताळू शकतील अशा खिडक्या बनवायचे प्रयत्न झाले आणि पुन्हा पुन्हा फसले, असं त्यात आहे. कारण माऊसचा क्लिक खालून वर चढतो, ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामकडे, आणि प्रोग्रामचा हुकूम वरून खाली उतरतो. वाटेत दोघेही दारांना कुलपं लावत जातात आणि अरुंद जिन्यात समोरासमोर अडकतात. दोघांपैकी कुणीच मागे हटत नाही.

आणि पोऱ्या ठेवला म्हणजे भागलं असंही नाही. माझ्या पहिल्या दुरुस्तीत मीटर आणि पंप दोन्ही एकाच पोऱ्याकडे होते. खिडकी छान हलत होती, बटण दाबलं जात होतं आणि स्टॉपचा निरोप गोदामात मीटरमागे सहा सेकंद उभा राहत होता. रांग दुकानासमोरून उचलून मागच्या दारी नेली, एवढंच. हे जास्त वाईट, कारण आता पांढरा पडदाही पडत नव्हता. शेवटी पंपाला स्वतःचा पोऱ्या दिला.

बाकीच्या तक्रारी त्या मानाने किरकोळ. गोठलेला प्रोग्राम नेमका कुठे अडकलाय हे कळायला पाय-स्पाय नावाचं छोटं साधन आहे. ते चालत्या प्रोग्रामला न मारता सांगतं की हा या ओळीवर बसलाय. मला ते आधी माहीत असतं तर बुधवारची रात्र वाचली असती. पायथनमध्ये खिडकी चमकून नाहीशी होते, कारण तिला धरून ठेवणारं कुणी नसलं की भाषा तिला केर समजून झाडून टाकते. एका स्थानिक विद्यार्थिनीसाठी सगळं अरबीत केलं तेव्हा खिडकी आरशातल्यासारखी उलटली. बटणं उजवीकडून डावीकडे, प्रगतीची पट्टीही उजवीकडून भरणारी. ते बरोबरच. पण आलेखाचा काळ उलटा वाहायला नको होता. आणि गंमत म्हणून लेबलं मराठीत करून पाहिली तर "दाबमूल्य" मधला ऊकार खालून कापला गेला, कारण ओळीची उंची मी पिक्सेलमध्ये ठोकून ठेवलेली होती, इंग्रजी अक्षरांच्या मापाने. असो.

बटणाचं सांगायचं राहिलं. आता दोन वेगळी बटणं आहेत. स्टॉप कितीही वेळा दाबा, अर्थ एकच. ते दाबल्या क्षणी खाली "थांबवत आहे" येतं. माणसाला एक दशांश सेकंदाच्या आत काहीतरी दिसलं की त्याला ते तात्काळ वाटतं, असं या विषयातली जाणती मंडळी १९६० च्या दशकापासून सांगत आलीत. "थांबला" हे मात्र पंपाने स्वतः फेरे शून्य झाल्याचं कळवल्यावरच येतं. आणि लॉगमध्ये दोन वेळा लिहिल्या जातात: दाबल्याची आणि केल्याची.

नवीन प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तो शुक्रवारच होता. इक्कांनी स्टॉप दाबलं. "थांबवत आहे" आलं. त्यांनी सवयीने आणखी एकदा दाबलं. मग "थांबला" आलं, हिरव्या अक्षरांत. मी म्हटलं, "खलास इक्का, जाओ अब." त्यांनी मान डोलावली, टोपी खिशातून काढली, आणि शेजारच्या खोलीत जाऊन पेटीचं झाकण उघडून पंपावर हात ठेवून पाहिला.